चटईखालचे पाय

वाइसोला गावात अलापातीचा कशावरही विश्वास नव्हता, आणि गावाला त्याचा अभिमान होता. प्रत्येक गावाला एक चर्च लागतं, एक क्रिकेटचा संघ लागतो, तसा एक संशयी माणूसही लागतो. सवाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर इतर गावांतही संशयी होते, पण ते हौशी. घरात आजारपण आलं की गपचूप पाद्र्याकडे जाऊन विश्वास ठेवून यायचे. अलापाती तसला नव्हता. तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून पाद्र्याकडे असा बघायचा, जणू पाद्र्यानं कालचा मासा आजचा म्हणून पुढे केला आहे.

तरुणपणी एकदा रेडिओनं मोठ्या वादळाचा इशारा दिला, तेव्हा हा घरावर नवे पत्रे ठोकत होता. रेडिओवाले तिकडे राजधानीत, अपियात बसतात, त्यांना आमचा वारा काय कळणार, असं म्हणून त्यानं उरलेले खिळेही ठोकले. वादळ आलं आणि पत्रे घेऊन समुद्रात गेलं. दुसऱ्या दिवशी बिनछपराच्या घरात बसून अलापाती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की रेडिओनं सांगितलेल्या वेळेला वादळ आलंच नाही, चांगलं उशिरा आलं. त्याची बायको फुआतिनो तेव्हा नारळाच्या झावळ्या विणत होती. संशयी नवऱ्याच्या बायकोला हाताला काम कमी पडत नाही.

पुढे सरकारनं तारखेची रेषा सरकवली आणि डिसेंबरातला एक अख्खा शुक्रवार देशातून उठवला. गुरुवारी झोपलेले लोक थेट शनिवारी उठले. बाकीच्यांनी आश्चर्य केलं, प्रार्थना केली आणि विसरून गेले. अलापातीनं तो शुक्रवार कधीच सोडला नाही. आपलं वय विचारलं की तो एक दिवस वजा करून सांगायचा. सरकारी खात्यातून कुठलीही बातमी आली, की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, की ज्यांनी अख्खा शुक्रवार खाल्ला आणि ढेकरही दिली नाही, त्यांना हे काय जड आहे.

आणि अशा माणसाच्या नशिबी काम काय आलं, तर लेफुगाच्या वतीनं बोलायचं. लेफुगा हा वाइसोलाचा थोरला मानकरी. थोरल्या मानकऱ्यानं बैठकीत स्वतः फारसं बोलायचं नसतं, त्याच्यासाठी बोलणारा मानकरी वेगळा असतो, आणि ते घराणं पिढ्यान् पिढ्या अलापातीचं. शिवाय लेफुगा आता नुसता मानकरी राहिला नव्हता. तो एका पक्षाचा नेता होता, मंत्री होऊन गेला होता, पुन्हा होणार होता. दर निवडणुकीला अलापाती उभा राहून त्याचे गुण गायचा, घरी येऊन त्यातला एकही खरा नाही असं फुआतिनोला सांगायचा, आणि मत लेफुगालाच द्यायचा. मत आणि विश्वास या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही एकाच माणसाला देणं उधळपट्टी आहे, असं त्याचं म्हणणं.

दोघं लहानपणापासूनचे. पोरवयात त्यांनी मिळून पाद्र्याची कोंबडी भाजून खाल्ली होती. चौकशी झाली तेव्हा लेफुगानं इतकं सुंदर खोटं सांगितलं, की पाद्र्याचे डोळे भरून आले आणि मार एकट्या अलापातीला पडला. हा पोरगा पुढे जाणार, हे अलापातीनं त्याच दिवशी ओळखलं.

तर त्या वर्षी निवडणूक जवळ आली होती आणि लेफुगाच्या तब्येतीबद्दल लोक बोलायला लागले होते. अपियातल्या संचलनात तो एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात घालून उभा राहिलेला सगळ्यांनी पाहिला होता. बोटीतून येताना तो बोटीवर चढवलेल्या गाडीतून खाली उतरत नव्हता. दोन पायऱ्या चढायला दोन माणसं लागत होती आणि पक्षवाले सांगत होते की ती माणसं मानासाठी आहेत. शेवटी पक्षानं त्याची तपासणी करवली आणि एका संध्याकाळी, प्रार्थनेनंतर आणि मृत्यूच्या बातम्यांच्या आधी, रेडिओवर तिचा निकाल वाचून दाखवला.

निकाल असा होता, की नेत्यांचं हृदय पंचविशीतल्या खेळाडूचं आहे. साखर नेमकी हवी तेवढी. रक्तदाब शांत. दृष्टी गरुडाची. सांधे लवचीक. वजन उंचीच्या मानानं अगदी योग्य. तपासणाऱ्या डॉक्टरांची नावं निवेदकानं इतकी भरभर वाचली, की ती कुणाला ऐकूच आली नाहीत.

वाइसोलात त्या संध्याकाळी कुणी मृत्यूच्या बातम्या ऐकल्या नाहीत. लोक हसून हसून आडवे झाले. वाएलुआ नावाचा म्हातारा मानकरी म्हणाला, की वजन उंचीच्या मानानं योग्य असेल तर लेफुगाची उंची नारळाच्या झाडाएवढी भरायला हवी. कुणी म्हणालं, खेळाडूचं हृदय खरंच असेल, पण मग त्या खेळाडूचं काय झालं याची कुणीतरी चौकशी करा. अलापाती सगळ्यांचं ऐकून घेत बसला होता. शेवटी सगळे त्याच्याकडे वळले, कारण अविश्वासाचा अंतिम निकाल त्याच्याकडूनच यायचा.

"ज्यांनी शुक्रवार गायब केला," अलापाती म्हणाला, "त्यांना एका म्हाताऱ्याची साखर गायब करायला कितीसा वेळ लागणार?"

त्यावर पुन्हा एकदा हशा झाला. फुआतिनो मात्र हसली नाही. ती नवऱ्याच्या उजव्या पायाकडे बघत होती.

त्या पायाचं असं झालं होतं, की तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, मळ्यात काम करताना अलापातीच्या तळव्यात जुन्या पत्र्याचा खिळा घुसला होता आणि त्याला ते कळलंच नव्हतं. घरी येऊन पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा फुआतिनोनं पाहिलं. खिळा गेला याची तिला भीती वाटली नाही. खिळा जाऊनही हा माणूस शिट्टी वाजवत घरी आला, याची वाटली. तिच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी त्याला काही दुखत नव्हतं, मग बोट गेलं, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि मग माणूस. भावाला शेवटी ताप आला होता तेव्हा त्याच्या खोलीत जो वास होता, तोच वास तिला आता आपल्या नवऱ्याच्या पायाला बांधलेल्या फडक्यात येत होता.

दर महिन्याला सिएनी नावाची नर्स महिला मंडळाच्या घरात यायची, बाळांची वजनं घ्यायची आणि म्हाताऱ्यांची साखर बघायची. फुआतिनोनं अलापातीला अक्षरशः ओढत तिथं नेलं. सिएनीनं बोट टोचलं, मशीनकडे पाहिलं, मशीन हलवलं, दुसरं बोट टोचलं.

"काका, आकडा मशीनमध्ये मावत नाहीये," ती म्हणाली. मग तिनं फडकं सोडून पाय पाहिला आणि तिचा आवाज खाली आला. उद्याच्या उद्या इस्पितळात जा, पाय वाचवायचा असेल तर.

अलापातीनं फडकं परत बांधलं. घरी येईपर्यंत तो मनात वाक्य तयार करत होता. बोलणाऱ्या मानकऱ्यांची ही खोडच असते, पाय सडत असला तरी वाक्य नीट बसलं पाहिजे.

"लेफुगा आणि मी आयुष्यभर एकाच भट्टीतलं डुक्कर खात आलोय," तो घरी आल्यावर म्हणाला. "मानाचा तुकडा त्याला, कान आणि हाडं मला. आणि साखर त्याची बरोबर आणि माझी मशीनबाहेर? एक तर त्याचा निकाल खोटा, नाहीतर माझं मशीन खोटं. दोन्ही आणणारे वरचेच लोक. मी कुठलंच घेत नाही."

"त्याचा निकाल खोटा असला म्हणजे तुमचा पाय बरा होतो का?" फुआतिनोनं विचारलं.

अलापातीनं विषय बदलला. लेफुगा येत्या आठवड्यात गावाला येणार होता, मंडळाच्या नव्या घराचं उद्घाटन करायला. स्वागताचं भाषण अलापातीला करायचं होतं. ते झालं की बघू, तो म्हणाला. "बघू" म्हणजे काय हे फुआतिनोला लग्नापासून माहीत होतं. छपराचे पत्रेही "बघू"मध्येच गेले होते.

आता स्वागताच्या तयारीसाठी मानकऱ्यांची बैठक बसली. जेवण, डुकरं, मानाच्या चटया, सगळं ठरलं, आणि मग वाएलुआनं घसा साफ करून विषय काढला. चर्चमधली मोठी खुर्ची आणून ठेवावी का? बैठकीच्या घरात मानकरी आपापल्या खांबाला पाठ लावून, मांडी घालून बसतात, आणि आवा हे मुळांचं मानाचं पेय वाटून सगळी भाषणं होईपर्यंत मांडी मोडत नाहीत. पाय पसरले तर समोरच्याचा अपमान होतो. फक्त आजारी आणि जराजर्जर माणसाला सूट असते. त्यानं खुर्चीवर बसावं, किंवा पाय पसरून वर चटई टाकून घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात, वाइसोलात मात्र आधी चटई पाहावी लागते.

वाएलुआचा हेतू चांगला होता. सगळ्यांच्या मनात तेच होतं. पण अलापातीनं आवाजात मध घातला.

"खुर्ची कशाला?" तो म्हणाला. "सांधे लवचीक आहेत असं देशभर वाचून दाखवलंय. आपण खुर्ची ठेवली तर त्याचा अर्थ काय? वाइसोलाचा आपल्या थोरल्या मानकऱ्याच्या तब्येतीवर विश्वास नाही. हे अपियाला कळलं तर?"

अविश्वास कुणाला नव्हता? पण तो उघड करणारा पहिला कोण होणार? नव्या रस्त्याचं डांबर अजून यायचं होतं, आणि रुसलेल्या नेत्याचं डांबर नेहमी शेजारच्या गावात सांडतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. खुर्ची येणार नाही असं ठरलं. कोंबडीच्या दिवशीचा मार अलापातीच्या पाठीवर इतकी वर्षं होता, तो त्या दुपारी जरा हलका झाला. आपलीही मांडी त्याच बैठकीत असणार, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याचं माप माणूस कधी घेत नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. लेफुगाची गाडी अंगणात न थांबता थेट बैठकीच्या घराच्या पायरीला येऊन टेकली. दारं उघडली आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग पक्षाचा सचिव उतरला. तो अपियाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसरा माणूस होता. तो गाडीच्या दारासमोर असा उभा राहिला, की आतून लेफुगा कसा बाहेर येतोय ते कुणाला दिसू नये. सगळं गाव त्या सचिवाच्या पाठीकडे बघत होतं. लेफुगा दिसला तेव्हा तो आपल्या खांबाशी पोचला होता, आणि त्याचं तोंड घामानं ओलं झालं होतं.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. खुर्ची नव्हती. त्याची नजर बैठकीवरून फिरत अलापातीवर येऊन थांबली, आणि दोघा म्हाताऱ्यांना एकाच क्षणी कोंबडी आठवली. मग लेफुगा खांबाला धरून खाली बसला आणि त्यानं एक एक पाय हातानं उचलून मांडी घातली. पंचविशीतल्या खेळाडूसारखी.

आवा कालवली गेली, क्रमानं पेले दिले गेले. मग अलापातीनं भाषणाला सुरुवात केली. असं भाषण त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्यानं देवाचे आभार मानले. मग गावातल्या एकूणएक घराण्यांना त्यांच्या मानानं वंदन केलं, एरवी ज्यांना एका वाक्यात गुंडाळायचा त्यांनाही सावकाश, पूर्वजांसकट. मग शेजारच्या गावांना केलं. मग वादळं आठवली, सुनामी आठवली, सगळ्यांतून वाचवल्याबद्दल पुन्हा देवाचे आभार मानले. आणि मग तब्येतीवर आला. आमच्या डोंगराच्या माथ्यावर ढग बसला नाही, तो म्हणाला. आमच्या महावृक्षाचं एक पानही पिवळं पडलं नाही. आमच्या होडीचा एक दोरही सैल झाला नाही. एकेका वाक्यानंतर तो थांबून लेफुगाच्या मांडीकडे बघायचा, आणि मांडी अजून आहे असं पाहून आणखी एक वाक्य जोडायचा.

लेफुगाचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण तो राजकारणात उगाच एवढी वर्षं काढून बसला नव्हता. तो मान डोलावत राहिला. आणि इकडे अलापातीची स्वतःची गत काही बरी नव्हती. गुडघ्यात आग उठली होती, मांडीत गोळे येत होते. भाषण आवरतं घ्यावं असं त्याला दोनदा वाटलं, पण आधी आपण हललो तर लेफुगा जिंकला. म्हणून तो बोलत राहिला. उजवा पाय तेवढा काहीच बोलत नव्हता.

महिला मंडळाच्या बायका बाहेर, घराच्या कडेला बसल्या होत्या. घराला भिंती नाहीत, त्यामुळे सगळं दिसत होतं. फुआतिनोचं नवऱ्याच्या भाषणाकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या खालच्या चटईकडे बघत होती. उजव्या पायाखाली एक डाग होता. तो मघाशी तळहाताएवढा होता आणि आता गुडघ्याच्या पुढे आला होता. शेजारी बसलेले दोघे मानकरी नाकं वळवून शिष्टपणे समुद्राकडे बघत होते. त्यांनाही वास आला होता, आणि बोलायचं नाही हे त्यांनाही माहीत होतं. या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. माझा भाऊही असाच सगळ्यांच्या माहितीत मेला, असं तिच्या मनात आलं, आणि ती उठली.

मानकऱ्यांच्या बैठकीत भाषण चालू असताना बाईनं मधोमध चालत जायचं नसतं. ती वाकून, पुटपुटत क्षमा मागत गेली, बसायची एक साधी चटई हातात घेऊन. अलापातीचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तिनं त्याच्यासमोर गुडघे टेकले, त्याचा उजवा पाय धरून पुढे ओढला आणि त्यावर चटई पसरली.

"माझा नवरा आजारी आहे," ती बैठकीला म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "त्याला साखर आहे. त्याचा पाय सडतोय. त्याला पाय पसरू द्या."

त्या वर्षात त्या गावात वाचला गेलेला पहिला खरा वैद्यकीय अहवाल तोच. लाजेनं अलापातीला वाटलं, की एखादा शुक्रवार आत्ता गायब करता आला तर बरं. खुर्चीला नको म्हणणारा माणूस स्वतः चटईखाली पडला होता, आणि उद्यापासून सगळा किनारा त्याला हसणार होता. सचिव प्रसन्न हसत होता, कारण त्याला आपला नेता तंदुरुस्त मांडी घालून बसलेला दिसत होता आणि समोरचा आडवा.

तेवढ्यात थोरल्या खांबापासून, जिथून सहसा कुणी बोलत नाही तिथून, आवाज आला.

"फुआतिनो," लेफुगा म्हणाला, "आणखी एक चटई असेल का गं?"

सचिवाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, त्याला ते कुठं ठेवावं ते कळेना. फुआतिनोच्या हातात दुसरी चटई नव्हती. मधोमध मात्र लेफुगाला द्यायच्या मानाच्या चटयांची चळत होती, वर्ष वर्ष विणलेल्या, रेशमासारख्या, ज्यांवर कुणी बसायचं स्वप्नातही आणत नाही. तिनं त्यातली सगळ्यात वरची उचलली आणि गावाच्या नेत्याच्या पायांवर घातली. चटईखाली लेफुगानं पाय सरळ केले. त्याच्या तोंडून जो उसासा निघाला, तो मागे बसलेल्या बायकांनीही ऐकला.

मग वाएलुआ खाकरला. आपल्यालाही चालेल म्हणाला, मिळाली तर. त्याच्या शेजारच्यानं नुसतं बोट वर केलं. मग पलीकडच्या खांबाचा. मग त्याच्यापलीकडचा. बायका मंडळाच्या घरातून, शेजारून, पाद्र्याच्या घरातून चटया आणायला धावल्या. जेवढ्या चटया येत होत्या तेवढे पाय बाहेर पडत होते. सुजलेले, काळे पडलेले, फडकी बांधलेले, एक बोट कमी असलेले पाय. निम्मी बैठक वर्षानुवर्षं दात खाऊन मांडी घालत होती आणि समोरच्याच्या तब्येतीवर हसत होती. शेवटी चटया संपल्या, तेव्हा पाद्र्यानं टेबलावरची चादर दिली.

त्या संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, की वाइसोला गावानं लाडक्या नेत्याला मानाची चटई पांघरून अपूर्व सन्मान केला, आणि नेत्यांनी आजारी ग्रामस्थांना धीर देण्यासाठी त्यांच्यासारखेच पाय पसरून बसण्याचा साधेपणा दाखवला. सचिव हुशार माणूस होता.

पण त्याआधी लेफुगानं एक गोष्ट केली होती. अलापातीला माझ्या गाडीत घाला, असं त्यानं सांगितलं. मागच्या सीटवर दोघं म्हातारे पाय लांब करून बसले. अलापातीचा पाय पुढच्या दोन सीटांच्या मधून जाऊन सचिवाच्या इस्त्रीच्या शर्टाला टेकला होता. फुआतिनो कडेला अंग चोरून बसली होती. रस्त्यावर डांबर नव्हतं, त्यामुळे दोघांनाही प्रत्येक खड्डा कळत होता.

"तू मुद्दाम भाषण लांबवलंस," लेफुगा म्हणाला. बैठकीबाहेर ते एकमेकांना अरेतुरेच करायचे.

"हो."

"मला वाटलं, तू आधी मोडशील."

"मलाही तुझं तसंच वाटलं."

गाडी एका खड्ड्यातून गेली. दोघंही कण्हले.

"तुझी किती आहे?" लेफुगानं विचारलं.

"मशीनमध्ये मावली नाही."

"माझी दोन मशीनांत मावली नाही."

"तुझी जास्तच असायची," अलापाती म्हणाला. "मानाचा तुकडा खाल्लास आयुष्यभर."

लेफुगा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. अलापातीनं ते पाहिलं. लेफुगाचे अश्रू त्यानं शेकडो सभांत पाहिले होते, आणि कधी पुसले नव्हते. या वेळी त्यानं लुंगीचं टोक पुढे केलं. इस्पितळाच्या दाराशी अलापाती उतरला तेव्हा फुआतिनोनं लेफुगालाही उतरायला सांगितलं. तो सचिवाकडे बघून म्हणाला, की तो इथं उतरला तर सगळ्या देशाला कळेल. आणि गाडी पुढे बोटीकडे गेली.

अलापातीची दोन बोटं गेली, पाय राहिला. आणखी थोडा उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत गेला असता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि अलापातीनं त्यावर वाद घातला नाही. फुआतिनोनं देवाचे आभार मानले, पायासाठी की वाद न घातल्यासाठी, ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

निवडणुकीला थोडे दिवस राहिले असताना रेडिओवर बातमी आली. लेफुगा अभ्यासदौऱ्यासाठी न्यूझीलंडला गेले होते, त्यांची प्रकृती शेवटपर्यंत उत्तम होती, आणि त्याच उत्तम प्रकृतीत त्यांचं निधन झालं. ही बातमी मृत्यूच्या बातम्यांत पहिली होती.

वाइसोलात कुणाचाही विश्वास बसला नाही. ही निवडणुकीची चाल आहे, वाएलुआ म्हणाला, दुःखाची लाट उठली की हा पेटीतून उठून शपथ घ्यायला येईल. खेळाडूचं हृदय असलेला माणूस असा कसा जाईल, असं कुणी म्हणालं आणि थोडा हशा झाला. तब्येत खोटी होती तेव्हा लोक जसे हसले होते, तसेच ते मरणालाही हसत होते. एकदा खोटं ऐकून घेतलेल्या कानाला खरंही तसंच ऐकू येतं. मग सगळे सवयीनं अलापातीकडे वळले.

अलापाती पाय लांब करून बसला होता, त्यावर चटई होती.

"गेला तो," तो म्हणाला. "तो गेलाय. माझ्यासमोर त्यानं चटई मागितली होती." आणि आयुष्यभर कशावरही विश्वास न ठेवलेला तो म्हातारा सगळ्यांसमोर मोठ्यानं रडायला लागला. हसणाऱ्यांपैकी काही जणांनी आपले पसरलेले पाय आत ओढून घेतले.

पुढच्या महिन्यात सिएनी आली, तेव्हा तो फुआतिनोच्या आधीच मंडळाच्या नव्या घरात जाऊन बसला होता. त्याच्यामागे वाएलुआ होता, आणि त्याच्यामागे बैठकीतले आणखी बरेच जण, एकमेकांकडे न बघता. अलापातीनं बोट पुढे केलं आणि तोंड समुद्राकडे वळवलं. सुई टोचली तेव्हा तो हलला नाही. मशीन आकडा शोधत होतं.

"खरा सांग," तो म्हणाला.

सिएनीनं सांगितला. आकडा अजून वाईटच होता, पण आता मशीनमध्ये मावत होता. अलापातीनं मान हलवली आणि उठून पुढच्याला जागा दिली.